दोरी सोडून

मोटारबोटीमागे दोरीने बांधून सिस्टरांची वॉटर स्कूटर धक्क्याला आणली, तेव्हा मिस्त्री पाना पुसत होता. पाना कधीचाच स्वच्छ झाला होता. पण मान वर केली असती तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

सिस्टर ओल्याचिंब, ओठ काळेनिळे. इस्पितळातली पाळी संपवून दर रविवारी तळ्यावर येणारी बाई. ऐन मध्यावर, मोठ्या बोटींच्या वाटेत, त्यांचं यंत्र बंद पडलं होतं. आदल्याच दिवशी दुरुस्त झालेलं.

"मिस्त्री, काल चालवून बघितली होती ना?" पेशंटला 'गोळी घेतली ना' विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"बघितली की," तो म्हणाला.

धक्क्यावर स्कूटरच्या दोनच जाती: बसायची आणि उभी. सिस्टरांची उभी. उभीला सीट नसते. मागे पाय ठेवायला जागा, पुढे हातात दांडा, बाकी भरवसा आपल्या तोलावर. दुरुस्तीनंतर उभी खुल्या पाण्यात पळवून बघायची हा दंडक मिस्त्रीनेच घातलेला. तेव्हा तो काडीपैलवान होता; सगळे त्याला मासा म्हणत. थांबलेल्या उभीवर पाण्यातून उसळी मारून चढायचा. पुढे लग्न मानवलं, मग वय मानवलं, आणि मासा नावापुरता उरला. गेल्या उन्हाळ्यात तो पडला, तो काही केल्या परत चढेना. बोटीत ओढून घेताना कुणीतरी म्हणालं, "जाळं आणा रे, मोठा मासा गावलाय." धक्का हसला. मिस्त्री सगळ्यांत मोठ्याने हसला. तेव्हापासून प्रत्येक उभी तो धक्क्याला बांधायचा, कठड्यावर बसून जागच्या जागी घुरघुरवायचा, आणि 'झाली' म्हणायचा.

तिकिटाच्या खिडकीतून बायको हे बघत असे. ती त्याच्या शर्टांची बटणं तेवढी सरकवत राहिली, आणि एक दिवस जुन्या पिशवीचा पट्टा कापून तिने त्याच्या लाइफ जॅकेटला जोड शिवला. त्याने ते जॅकेट ऑइलच्या डब्यांमागे कोंबून ठेवलं.

आता त्याने झाकण उघडलं. पेट्रोलच्या नळीला वळणावर चीर होती. एरवी मिटलेली, यंत्राने नाक वर केलं की उघडायची आणि हवा ओढायची. बांधलेलं यंत्र नाक कशाला वर करतंय? खुल्या पाण्यात एक फेरी मारली असती तर कालच कळलं असतं.

"सिस्टर," तो नळीकडे बघतच म्हणाला, "मी बांधूनच बघितली होती."

"का?"

त्याचा हात आपसूक पोटावर गेला.

सिस्टर स्वतः अंगाने भरलेल्या. त्या जॅकेट ओढूनताणून घालताना पोरं एकमेकांना कोपरं मारत, आणि मिस्त्रीही मिशीत हसून घेई. ते आता त्याला आठवलं.

"म्हणजे माझ्या जिवापेक्षा तुमचं पोट जड झालं," त्या म्हणाल्या.

त्याने नळी बदलली. धक्का माणसांनी फुललेला. फेरीला दुसरं कुणी पाठवता आलं असतं. त्याने आजूबाजूला पाहिलंसुद्धा. तेवढ्यात तिकिटाची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. बायको डब्यांमागचं जॅकेट घेऊन समोर उभी होती.

"अहो, हात घाला."

जोडपट्टा जेमतेम पुरला.

पाण्यात उतरून त्याने जुन्या सवयीने उसळी मारली. उभी कलंडली आणि त्याच्यासकट उलटली. सरळ करून पुन्हा मारली, पुन्हा तेच. वर कुणीतरी जाळ्याची आठवण काढली. नाकात पाणी गेलं होतं, त्यामुळे डोळ्यांत कशाने आलंय ते कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

सिस्टर काठाशी उकिडव्या बसल्या. "चढू नका, मिस्त्री. थांबलेली असताना ती आपल्यासारख्यांना घेत नाही. मागे लोंबकळा, थोडी चालू द्या. चालायला लागली की तीच उचलते."

आपल्यासारख्यांना. शब्द कानशिलात बसला. पण तो लोंबकळला. उभीने त्याला ओल्या गोधडीसारखं फरफटवलं. मग छाती वर आली, एक गुडघा, धापा टाकत दुसरा. उभं राहायला गेला तर मागचा भाग बुडायला लागला. तो परत गुडघ्यांवर बसला आणि तसाच निघाला, भर रविवारी, सगळ्या धक्क्यासमोरून, देवापुढे बसल्यासारखा. नाक वर होतं. इंजिन कुठे अडखळलं नाही. काठावर कोण हसत होतं, ते त्या आवाजात ऐकू आलं नाही.

परतल्यावर त्याने दांडा सिस्टरांच्या हाती दिला. 'झाली' एवढंच म्हणायचं होतं, पण दम लागला होता. नुसती मान हलवली.

सिस्टर पाण्यात उतरल्या, लोंबकळल्या, घसरल्या, पुन्हा लोंबकळल्या. मग दूरवर, ताठ, उभ्या दिसल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत मिस्त्री बघत राहिला.

तो जॅकेट घेऊन डब्यांकडे वळला, तशी बायकोने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि खिडकीबाहेरच्या खिळ्याला अडकवलं, तिकिटाच्या रांगेच्या अगदी समोर. पिशवीचा पट्टा रांगेतल्यांच्या पायांवर ठिबकत होता. माणसं जरा बाजूला सरकून उभी राहिली.