केउतेगिनचं नाक

केउतेगिन शिकारीच्या नावेच्या टोकाशी उभा राहून देवमाशाच्या फवाऱ्याचा वास घेई. औषधाच्या दुकानासारखा वास आला की हात वर. तो मासा सोडून द्यायचा. असलं मांस कुत्रीही खात नाहीत, माणसाचं तर तोंड बधीर होतं. बत्तीस वर्षांत त्याचं नाक चुकलं नव्हतं.

यंदाच्या परवान्यातला शेवटचा करडा देवमासा किनाऱ्यावर ओढला, पहिला काप पडला आणि सगळ्यांनी नाकाला बाह्या लावल्या. केउतेगिन तेवढा शांतपणे सुरी पुसत होता.

"काय रे, नाक घरी खुंटीला टांगून आलास का?" शेजारची रुल्तिना म्हणाली.

"ट्रॅक्टरच्या डिझेलचा वास आहे तो. घमेलं आण आणि गप्प बस."

त्याची मुलगी एतिनेउत चपापली. ती अनादिर शहरात जीवशास्त्र शिकून आलेली. घरात तिने वेचून आणलेल्या अळंब्यांची झाकलेली बादली सडली होती, नुसती घाण सुटली होती. सकाळी त्या बादलीला टेकूनच चहा पीत बाबा म्हणाले होते, "हरणांचं खाणं, माणसांचं नव्हे! पण ताजं आहे तोवर शिजव." तिला ती थट्टा वाटली होती.

अळंबी आणि हा मासा, दोन्ही तळातलं वेचून वाढतात. तिथे जे असेल ते अंगात उतरतं. पण अळंबी जागची हलत नाही. जमीन खराब असेल तर खुज्या भूर्जझाडांखालचा तेवढा तुकडा टाळला की झालं. मासा अर्धा समुद्र पोहून येतो. कुठला गाळ खाल्ला, ते फक्त त्याचा श्वास सांगतो.

ती जवळ गेली. "बाबा, हिवाळ्यातल्या तापापासून वास येत नाही ना?"

"हळू बोल."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय? मागे बसून नावेतलं पाणी उपसू?"

हिवाळ्यासाठी मांस साठवायचे जमिनीतले खड्डे रिकामे होते. लोकांना विश्वास ठेवायचाच होता. घमेली पुढे आली. केउतेगिनने एक तुकडा कापून स्वतः तोंडात टाकला. "बघा!"

"कुणी खाऊ नका," एतिनेउत ओरडली. "बाबांना वासच येत नाही."

रुल्तिनाने घमेलं उपडं केलं. कुणी हसलं नाही. केउतेगिन चावत राहिला, मग थुंकला, बोटाने ओठ चाचपला.

"बधीर झालाय," तो पुटपुटला.

मासा पुन्हा समुद्रात ढकलला गेला. दुपारी रुल्तिनाचा थोरला मुलगा दारात आला. तो काही बोलायच्या आत केउतेगिनने भिंतीवरचा, नावेच्या टोकाशी उभ्या राहणाऱ्याचा भाला काढून त्याच्या हातात दिला. मग बादली रिकामी करून तो मुलीला म्हणाला, "चल, अळंब्या कुठे उगवतात दाखव. बर्फ पडायच्या आत मिळतील तेवढ्या आणू. वास तू घे."