हार्लो रोड, टेम्परन्स रोड

टेम्परन्सहून हार्लोला जाणारा रस्ता बारा मैलांचा आहे आणि त्याला एकच एक नाव कधीही नव्हते. टेम्परन्सचे लोक त्याला हार्लो रोड म्हणत. हार्लोचे लोक टेम्परन्स रोड. आमच्या केंटकीत रस्ता जिथे नेतो तिथले नाव घेतो. आपल्या गावाचे नाव आपल्याच दारातल्या रस्त्याला द्यावे, हे दोन्ही टोकांना दीडशे वर्षांत कुणाला सुचले नाही.

विद्यापीठात स्थळनावांचा अभ्यास करणाऱ्या मला हे सिद्ध करायला आठ वर्षे आणि एकेचाळीस पाने लागली. होबार्ट स्कॅग्ज या मार्गावर छत्तीस वर्षे टपाल वाटत होता. त्याने तेच मला, मी त्याच्या टपालगाडीत बसलो त्या पहिल्या सकाळी, गाडी न थांबवता, एका वाक्यात सांगितले होते. तळटीपेत मी त्याचे आभार मानले आहेत.

पुढे काउंटीने ठरवले की प्रत्येक घराला रस्त्याचे नाव आणि क्रमांक हवा, म्हणजे रुग्णवाहिका चुकणार नाही. त्यासाठी कॅलिफोर्नियाहून ब्रेंट ओगिल्वी नावाचा तज्ज्ञ आणण्यात आला. पहिल्याच सभेत तो म्हणाला, "आमच्याकडे रस्त्याला आकडा पुरतो. चारशेपाच नंबरचा हायवे घ्या, मग दहा नंबरचा घ्या, की पोचलात. आकडा नको असेल तर मिसूरीसारखी अक्षरं लावा. तेही नको असेल तर माझ्याकडे यादी आहे."

यादीत पक्षी होते आणि फुले होती. आमच्या रस्त्यासाठी त्याने 'मेडोलार्क लेन' सुचवले होते. तो पक्षी मी या रस्त्यावर कधी पाहिलेला नाही, आणि बारा मैलांच्या रस्त्याला 'लेन', म्हणजे गल्ली, म्हणणे हा भूगोलाचाही अपमान होता.

मी स्थानिक वर्तमानपत्रात लेख लिहिला. तो चांगला होता. म्हणजे लोक हसले आणि काउंटीचे मंडळ घाबरले. त्यांनी ओगिल्वीची यादी बाजूला ठेवून लेखाच्या शेवटी मांडलेली माझी योजना स्वीकारली. केन क्रीक या ओढ्याच्या पुलाशी लोकांच्या तोंडातले नाव बदलते, असे होबार्टने मला दाखवून दिले होते. म्हणून रस्ता तिथेच तोडावा: टेम्परन्सकडचे नऊ मैल हार्लो रोड, हार्लोकडचे तीन मैल टेम्परन्स रोड, आणि क्रमांक, मैलाला हजार या हिशेबाने, दोन्ही बाजूंनी आपापल्या गावापासून सुरू. 'लोकव्यवहाराशी प्रामाणिक' असे शब्द मी त्या योजनेसाठी वापरले होते.

होबार्टचे घर पुलापलीकडे, हार्लोच्या बाजूला आहे: दोन हजार आठशे बारा, टेम्परन्स रोड. पण त्याची बायको लर्लीन टेम्परन्सची. एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन या घरात आली, त्याला एकावन्न वर्षे झाली, आणि तिच्या तोंडी रस्त्याचे नाव माहेरचेच राहिले.

फेब्रुवारीत एका सकाळी होबार्ट स्वयंपाकघरात कोसळला. लर्लीनने फोनवर सांगितले, "दोन हजार आठशे बारा, हार्लो रोड."

रुग्णवाहिका तिथे वेळेत पोचली. त्या क्रमांकाच्या आसपास तंबाखूचे एक बंद कोठार आहे आणि बाप्टिस्ट चर्चचे आवार. माणसांनी दोन्हीकडे हाका मारल्या. खऱ्या घरी ती पोचली तेव्हा सत्तेचाळीस मिनिटे झाली होती. होबार्ट वाचला, उजवी बाजू आणि वाचा गेली.

काउंटीभर लोकांनी ओगिल्वीला शिव्या दिल्या; माझ्या लेखातले विनोद त्यांच्या लक्षात राहिले होते, योजना कुणाची हे नाही. मी कुणाचीही चूक दुरुस्त केली नाही. एरवी विरामचिन्हेसुद्धा दुरुस्त करणारा माणूस मी.

मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो तो नाव बदलण्याचा अर्ज घेऊन. कायद्याने रस्त्यावरच्या प्रत्येक घराची सही लागते. एक घर अडले तरी दोन नावे कायम. टेम्परन्सच्या लोकांना टेम्परन्स रोड चालेना, हार्लोच्या लोकांना हार्लो रोड. दोन्ही गावांपैकी कुणाचेच नव्हते अशा एकाच नावावर सगळ्यांचे जुळले, आणि तो अर्ज मी स्वतः टंकलिखित केला होता. अडतीस घरांपैकी सदतीस सह्या झाल्या होत्या. उरलेली सही होबार्टची. पण त्याआधी, रस्ता तोडण्याची अक्कल कुणाची होती, हे मला लर्लीनला सांगायचे होते.

ती स्वयंपाकघरात शेंगा निवडत होती.

"या प्रोफेसर. खुर्चीवरचं मांजर ढकला आणि बसा. जेवूनच जा, कॉर्नब्रेड लावलाय भट्टीत."

"होबार्ट कसा आहे?"

"पडवीत बसून गाड्या मोजतो. पूर्वी बोलून डोकं खायचा, आता न बोलून खातो." तिने शेंगेची शीर ओढली. "तो कॅलिफोर्नियाचा दीडशहाणा एकदा माझ्या हाती लागू दे. रस्ता म्हणजे काय सॉसेज आहे, हवं तिथं कापायला?"

"लर्लीन, तो त्याने नाही कापला. मी कापला."

तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तुमचा लेख आला तेव्हापासून. होबार्टने कापून बायबलमध्ये ठेवलाय. आल्यागेल्याला वाचून दाखवायचा. म्हणायचा, अक्कल माझी, मोठे शब्द प्रोफेसरचे."

"मग आता त्या ओगिल्वीला का बोललीस?"

"म्हटलं, बघू तुम्ही काय करता. तीन महिने वाट बघितली." तिने शेंगांची टोके कागदात गुंडाळली. "आणि हार्लो रोड तर मीच म्हणाले. टपालपेटीवर आकडा ठोकलाय, रस्त्याचं नाव नाही. तो खाली पडलेला, आणि तोंडात जे होतं ते आलं."

"त्यात तुझी चूक नाही."

"मी विचारलं होतं का तुम्हाला?"

तिने मानेनेच पडवीची दिशा दाखवली.

होबार्टची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून होती. मी त्याच्या गुडघ्यावर फळी ठेवली, वर अर्ज ठेवला आणि नवे नाव वाचून दाखवले. बोलायला सुरुवात केली की दोन्ही जुनी नावे माझ्या नोंदींच्या कार्डांवर सुरक्षित आहेत, विद्यापीठाच्या कपाटात, आणि त्याची इच्छा नसेल तर...

तो नाकारेल अशी माझी खात्री होती. खरे सांगायचे तर, मी त्याच आशेवर आलो होतो. त्याने पेन फळीवरून ढकलून दिले असते तर सदतीस सह्या रद्द झाल्या असत्या आणि माझी एकेचाळीस पाने खरी ठरली असती.

माझे वाक्य पुरे व्हायच्या आत त्याने डाव्या हाताने सही केली. कागदाकडे पाहिले, रस्त्याकडे नाही. मग पेन उलटे करून माझ्यापुढे धरले आणि साक्षीदाराच्या रिकाम्या रेघेवर बोट टेकवले.

मी सही केली.

लर्लीन दारात उभी होती. "मेडोलार्क," ती म्हणाली. "उद्या पुन्हा काही झालं, तर आठवणार आहे का मला हे?"

तिने मला आत नेले. फोनच्या वर भिंतीला एक कोरा पुठ्ठा चिकटवलेला होता. तिने जाड पेन माझ्या हातात दिले.

"आकडाही नवा ना?"

"नऊ हजार एकशे नव्वद."

"तोही लिहा. मोठ्या अक्षरात लिहा, प्रोफेसर. घाबरले की मला चष्मा सापडत नाही."