शेवटच्या माणसाची बंडी

मी बंडी बोलतेय. कपाटात घडी घालून ठेवतात तसली नव्हे हं. जाडीभरडी, बिनबाह्यांची, डोळ्यांत खुपेल अशी नारिंगी बंडी. डोंगरावर, रानात, नदीकाठी माणसांचा घोळका फिरायला निघाला की त्यातला सगळ्यात शेवटचा माणूस मला घालतो. त्यामुळे जन्मभर मी माणसं पाहिली ती पाठमोरी. कोण दमलंय, कोण रुसलंय, कोणाला बूट चावतोय, हे मला तोंड न बघता कळतं. चेहऱ्यावर माणूस हसू आणतो, पाठीवर कुठून आणणार?

माझा जन्म एका शिवणाच्या दुकानात झाला. दुकानाला नवा उन्हाचा पडदा लागला आणि जुना कोपऱ्यात पडून राहिला. दुकानाच्या मालकिणीची भावजय म्हणजे आमच्या बाई. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्या नणंदेला म्हणाल्या, "या पडद्याची एक बंडी शिवून दे. कोणाच्याही अंगाला बसली पाहिजे."

"कोणाच्याही अंगाला बसते तिला बंडी नाही, पोतं म्हणतात," नणंद म्हणाली. पण शिवली. दोन्ही बाजूंना नाड्या लावल्या, आतून शिट्टीसाठी खिसा केला आणि वर ऐकवलंच, "रंग बघून गुरं बुजली तर माझं नाव सांगू नकोस."

बाईंचं एक मंडळ आहे. ज्यांना एकट्यानं बाहेर पडायचा धीर होत नाही, अशा लोकांना सुट्टीच्या दिवशी ते फिरायला नेतं. नेणारे सगळे हौशी, बिनपगारी. पण बाईंची अट कडक होती. आधी शिकायचं, परीक्षा द्यायची, मगच लोकांना न्यायचं.

शिकवणी शाळेच्या रिकाम्या वर्गात चालायची. मी खुर्चीच्या पाठीवर लटकून सगळं ऐकत असे. पाय मुरगळला तर पट्टी कशी बांधायची, आभाळ भरून आलं तर परत कधी फिरायचं, पाणी तहान लागायच्या आधी कसं पाजायचं. त्यातला सगळ्यात मजेचा तास म्हणजे बाई स्वतः सहलीला आलेल्या हट्टी माणसाचं सोंग घ्यायच्या तो. फरशीवर फतकल मारून बसायच्या आणि गळा काढायच्या, "मला नाही यायचं पुढे! मला घरी सोडा!" शिकायला आलेल्यांनी त्यांची समजूत काढायची. भल्याभल्यांनी तिथे हात टेकले.

त्या वर्षी शिकायला एक पोस्टमन आले. सगळे त्यांना टपालराव म्हणत. उंच, काटक, चालायला लागले की वारा. डोंगरावरच्या पहिल्याच सरावात ते सगळ्यांच्या पुढे जाऊन माथ्यावर बसले होते. बाई धापा टाकत पोहोचल्या आणि म्हणाल्या, "टपालराव, माणसं म्हणजे पत्रं नव्हेत. ती पोहोचवायची नाहीत, फिरवायची आहेत. उद्यापासून तुम्ही शेवटी."

अशी मी त्यांच्या अंगावर चढले. काय सांगू तुम्हाला, त्या माणसाची पाठ हळू चालताना अक्षरशः दुखायची! पुढचा माणूस फूल बघायला थांबला की यांचे पाय जागच्या जागी चुळबुळ करायचे. पण एकदाही त्यांनी "चला, चला" म्हटलं नाही. मला नवल वाटलं. एवढी हौस कशासाठी, ते मला नंतर कळलं.

त्यांना एक थोरली बहीण होती, अक्का. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केलेली. गुडघे अधू. बऱ्याच वर्षांपूर्वी ऑफिसच्या सहलीत ती मागे पडली आणि बाकीचे पुढे निघून गेले. चुकामूक झाली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण जेवणं उरकली, गाणी झाली, तरी अक्का नाही हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. ती एकटी दगडावर बसून राहिली. शेवटी तिकडून जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं तिला आणून सोडलं. त्या दिवसापासून अक्कानं कानाला खडा लावला. ऑफिस ते घर, आणि निवृत्त झाल्यावर तेही गेलं. खिडकीतली खुर्ची तेवढी राहिली.

टपालरावांनी तिला किती विनवलं! शेवटी ती म्हणाली, "तू नेणारा असशील तर येईन. एकदाच. आणि पुन्हा तसं झालं तर मला विचारायचंही नाही." टपालरावांनी बाईंकडे नाव नोंदवलं ते यासाठी.

परीक्षेची सहल ठरली. खरीखुरी माणसं न्यायची, आणि बाई नुसत्या सोबत चालणार, धोका दिसल्याशिवाय बोलणार नाहीत. पुढे एक औषधांच्या दुकानात काम करणारी तरतरीत मुलगी, मागे टपालराव. मंडळाची पद्धत अशी की पुढच्यानं प्रत्येक वळणावर थांबून मागे बघायचं. नारिंगी दिसली की समजायचं सगळे आले, आणि निघायचं. वर्षानुवर्षं या पद्धतीत काही बिघडलं नव्हतं, म्हणून कोणी तिच्याकडे पुन्हा वळून पाहिलंच नव्हतं.

अक्का आली होती. नवे बूट, हातात काठी, चेहरा घट्ट आवळलेला. चेहरा मला दिसला तो ती सारखी मागे वळून भाऊ आहे ना ते बघायची म्हणून.

सकाळ छान गेली. ओढा लागला. तो ओलांडताना चष्म्याच्या दुकानाचे मालक, सगळे त्यांना काका म्हणत, दगडावरून घसरले आणि कमरेपर्यंत भिजले. लागलं काही नाही, पण पलीकडे खिंडीत वारा असा सुटला होता की काका कुडकुडायला लागले. अंगात एक पातळ सदरा. टपालरावांनी पुढचा मागचा विचार केला नाही. मला काढलं आणि काकांना घातलं. "घाला काका, ऊब येईपर्यंत."

ऊब यायला कितीसा वेळ लागतो? माझं कापड जाड. काका खुलले. एवढे खुलले की गप्पा मारत मारत ते थेट रांगेच्या मधोमध जाऊन पोहोचले. आणि त्यांच्या अंगावर मी!

मागे अक्काचा गुडघा धरला होता. ती बसली, टपालराव तिच्याजवळ बसले. पुढे मुलगी वळणावर थांबली, मागे पाहिलं, नारिंगी दिसली. ती निघाली. बाईंनीही पाहिलं. त्याही निघाल्या. अहो, माझा जीव तळमळत होता, पण मी ओरडणार कुठून? बंडीला तोंड नसतं. आणि ज्या शिट्टीनं ओरडता आलं असतं ती माझ्याच खिशात होती. टपालरावांकडे राहिला फक्त घसा, आणि वारा त्यांच्याकडून आमच्याकडे नाही, उलटा वाहत होता. फोनला त्या खिंडीत रेंज नव्हती.

पुढे एका झाडाखाली सगळे पाणी प्यायला थांबले. काकांनी मला काढलं, नीट झटकलं आणि हसत त्या मुलीपुढे धरलं. "हे घे गं बाळ, तुमच्या टपालरावांना दे. फार उपकार झाले त्यांचे."

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला काकांच्या हातातून ओढूनच घेतलं. लोकांना मुलीपाशी झाडाखाली थांबवून त्या आल्या वाटेनं उलट निघाल्या. त्या वयात बाई एवढ्या भरभर चालू शकतात हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या मुठीत चुरगळले होते. मला तर ती दगडावर एकटी बसलेली अक्का डोळ्यांसमोरून हलत नव्हती. टपालराव पळणारा माणूस. चार ढांगांत आम्हाला गाठलं असतं त्यांनी. गाठायला निघाले असतील तर ती मागे एकटीच असणार.

पण वाटेत टपालराव भेटले नाहीत.

ते होते तिथेच होते. खिंडीतच, वारा लागणार नाही अशा खडकाच्या आडोशाला. अक्काचा पाय त्यांनी आपल्या पिशवीवर उंच ठेवला होता, गुडघ्याला पट्टी बांधली होती, स्वतःचा सदरा तिच्या खांद्यावर टाकला होता, आणि बनियनवर कुडकुडत तिच्याशी भांडत होते. लहानपणी आंब्याच्या झाडावरून कोणी कोणाला ढकललं होतं, यावर.

बाई मटकन खाली बसल्या. दम लागला होता, की रडू येत होतं, ते सांगता येणार नाही. मग त्यांनी मला टपालरावांच्या अंगावर घातलं आणि म्हणाल्या, "बंडी काढून दिलीत. शिट्टीसकट दिलीत."

"हो बाई. चुकलंच."

"नापास."

टपालरावांनी मान खाली घातली. त्यांची पाठ एवढी वाकलेली मी कधी पाहिली नव्हती.

"ती मुलगीही नापास," बाई म्हणाल्या. "आणि मीही. माणसं बघायची सोडून कापड बघत बसलो सगळे. अक्का, तुमची माफी मागते. तुम्ही पुन्हा यायचं नाही म्हणालात तर मी एका शब्दानं आग्रह करणार नाही."

अक्कानं काठी टेकवली आणि भावाचा खांदा धरून उठली.

"न यायला काय झालं?" ती म्हणाली. "मागे राहिले खरी. पण एकटी नव्हते. हा बसून राहिला, बाई. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस एका जागी बसला."

आणि ती हसली. हसता हसता रडली, आणि टपालरावही. मला त्या दोघांनी ओलं केलं.

टपालराव पुढच्या वर्गाला पुन्हा बसले आणि पास झाले. ती मुलगीही झाली. मंडळाची पद्धत बदलली. आता वळणावर नुसती नारिंगी बघून भागत नाही. एकेकाचं तोंड बघायचं, नावानं हाक मारायची, ओ आली की मगच पुढे.

माझं म्हणाल तर आता मी फिकी पडलेय. नारिंगीचा केव्हाच मळकट पिवळा झालाय, एक नाडी तुटलीय, खिशाला बाईंच्या नणंदेनं ठिगळ मारून दिलंय आणि शिव्याही दिल्यात. मंडळानं चकचकीत नव्या बंड्या आणल्या आहेत, अंधारातही चमकणाऱ्या. मी अडगळीत जायची, पण एका माणसानं मला सोडलं नाही. अक्कानं. तीही शिकवणीला बसली आणि शेवटचा माणूस झाली. बाई म्हणतात, हिच्याइतकं योग्य कोणी नाही, हिच्याहून हळू चालणारं अजून जन्माला यायचंय.

तुम्हीही कधी चारचौघांना घेऊन बाहेर पडाल. तेव्हा एवढंच करा. वळणावर थांबा, आणि मागच्या माणसाचं तोंड दिसेपर्यंत थांबा. तो रागावला तरी.

कारण तो रागावतोच. टपालराव आता पुढे असतात. प्रत्येक वळणावर उभे राहून आमच्या वाटेकडे बघतात. अक्का लांबूनच काठी उगारते. "अरे हो ना पुढे! येतेय मी, मरत नाहीये!"

टपालराव हलत नाहीत. मग आम्ही दोघी आमच्या चालीनं त्यांच्यापर्यंत जातो.