काळे आले नाहीत

नणंदेनं वहिनीच्या छोटीसाठी दूध काढायला फ्रिज उघडला आणि किंचाळलीच. दुधाचं पातेलं आणि अंडी यांच्या मधोमध, घडी घातलेल्या टॉवेलवर, तिच्या दादाचा कॅमेरा ठाण मांडून बसला होता. तोंडावर झाकण, अंगातून निघालेली वायर दाराच्या फटीतून बाहेर.

"वहिनी! डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"दार लाव. गार हवा जाते."

"कॅमेरा काय नासणारे का बाहेर राहिला तर?"

"लाव म्हणते ना."

नणंदेनं दार लावलं. वहिनी ओट्यापाशी स्टुलावर बसली होती, वायरचं दुसरं टोक हातात धरून. एक फोटो फुकट गेला होता. तिनं वायरच्या टोकाचं बटण दाबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रागावली नाही. हल्ली राग यायलाही तिला फार लांबून यावं लागे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका दुपारी कामावर बसल्या जागीच गेला. आल्यागेल्या बायका "रडून घे गं" सांगून दमल्या, पण तिला रडू येत नव्हतं, नुसती कामं दिसत होती. तिनं कपाटं आवरली, गळका नळ बदलून घेतला, छोटीचे आखूड झालेले फ्रॉक बाजूला काढले. त्याच धडाक्यात त्याच्या कॅमेऱ्याचं कार्डही आवरलं.

कार्डात एकच दीर्घिका होती. थंडीभर गच्चीवर छोटी दुर्बीण लावून त्यानं त्या दीर्घिकेचेच फोटो काढले होते. शेकड्यांनी फोटो, सगळे एकसारखे फिकट. ते एकावर एक रचले की एक नीट चित्र तयार होतं, एवढं तिला ऐकून माहीत होतं. पण दर रात्रीच्या फोटोंच्या शेवटी ठार काळ्या फोटोंची रांग होती. झाकण काढायला विसरला, वेंधळा! आणि एकदा नव्हे, रोज? तिनं काळे तेवढे वेचून पुसून टाकले. तेव्हा कितीतरी दिवसांनी तिला हसू येता येता राहिलं होतं.

भेटायला सगळे येऊन गेले होते. काळे तेवढे आले नाहीत, आणि ते मात्र तिच्या मनाला लागलं होतं.

लग्न झाल्यापासून ती या काळ्यांवर खार खाऊन होती. गच्चीवरून त्याचा फोन यायचा, "तू झोप. अजून काळे राहिलेत. ते झाले की आलोच."

"त्या काळ्यांना घरदार नाही का?"

"नाही ना," तो म्हणायचा आणि खो खो हसायचा.

"बोलतात तरी काय एवढं?"

"चकार शब्द नाही काढत. गप्प बसतात."

मग एक दिवस ती कार्ड घेऊन चष्मेवाल्याकडे गेली. हा नवऱ्याचा गच्चीवरचा जोडीदार. गिऱ्हाईक नसलं की दुकानातल्या कॉम्प्युटरवर दोघांचं हे फोटो रचणंच चालायचं. शेवटचं चित्र पुरं करून देतो, असं तो स्वतःहून म्हणाला होता. त्यानं फोटो वरून खाली पाहिले, पुन्हा खालून वर पाहिले.

"वहिनी, काळे कुठायत?"

"आलेच नाहीत," ती म्हणाली. "एवढी वर्षं गच्चीवर मुक्काम ठोकला, आणि घरी यायला फुरसत नाही माणसाला."

चष्मेवाला हातातली काच पुसायची थांबला. मग त्यानं तिला खुर्ची दिली आणि फार हळू आवाजात समजावलं. एकच फोटो बराच वेळ घेत राहिलं की कॅमेरा स्वतःच्याच उष्णतेनं खोटे ठिपके उमटवतो. म्हणून त्याच थंडीत, तेवढाच वेळ, झाकण लावून फोटो काढायचे. ते काळे. खऱ्या फोटोतून काळे वजा केले, की आकाश उरतं.

"आणि नसले तर?"

"तर ताऱ्यांपेक्षा ठिपकेच जास्त. तुम्ही... पुसले?"

"पुसले."

त्यानं हातातली काच खाली ठेवली. म्हणाला, "थंडी तर गेली. फ्रिज आहे ना घरी?"

हे सगळं तिनं नणंदेला सांगितलं तेव्हा नणंद आधी हसली, मग हसता हसता रडायला लागली, मग तिचा आवाज चढला. "सगळं घासूनपुसून टाकायची घाई झालीय तुला! कुणाला विचारायचं तरी!"

"बरोबर आहे तुझं."

"बरोबर आहे काय! भांड तरी माझ्याशी!"

ती भांडली नाही. शेवटी नणंदच उठली, दुधाचं पातेलं शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून आली आणि फ्रिजला पाठ लावून खाली बसली. "आता कोण उघडतंय बघते."

दोन दिवसांनी तिघी दुकानात गेल्या. छोटीला काउंटरवर बसवून तिच्या हातात चष्म्याची रिकामी डबी दिली. चष्मेवाल्यानं फ्रिजमधले फोटो टाकले, बटणं दाबली, आणि पडद्यावरचे लाल-निळे ठिपके पुसट होत होत गेले. काळ्याशार आकाशात एक तिरपी, धुरकट चकती उरली. मधोमध नव्हती, जरा डावीकडे सरकलेली.

"जमलं," चष्मेवाला म्हणाला आणि त्यानं उगाचच नाक पुसलं. नणंद तोंडावर ओढणी धरून रडत होती.

वहिनीनं चित्र पाहिलं. आपल्या हातून मोडलेलं जुळलं, हे तिला कळलं. शिंक येईल येईल म्हणून थांबावं तशी ती थांबली. काही आलं नाही.

"ते झाकण लावलेले दाखवता?"

त्यानं एक उघडला आणि दिसावं म्हणून उजळ केला. फोटो काळा नव्हताच. कडेला जांभळी झाक, आणि सगळीकडे बारीक कण विखुरलेले. ती खुर्ची पुढे ओढून पाहत राहिली. पाहताना तिनं छोटीचा पाय हातात धरला होता.

"मोठा करून द्याल का हा मला?"

"हा? वहिनी, यात काहीच नाहीये."

"असू दे," ती म्हणाली. "हा मी काढलाय."