बोट आलेले फोटो

पुसले गेलेले फोटो परत मिळवून देणाऱ्या नारायण पेठेतल्या त्या दुकानात काउंटरवर पाटी होती : 'काय डिलीट झालं तेवढंच सांगा. का केलंत, ते विचारलेलं नाही.'

मी कॅमेऱ्याचं कार्ड पुढे केलं. "सात फोटो आहेत. नोव्हेंबरमधले, आंजर्ल्याचे."

"कशाचे?" दुकानाचे मालक गोपाळकृष्णकाका म्हणाले.

"फुलपाखरांचे."

"संपली नाहीत ती अजून. आमच्या गच्चीवरही येतात," असं म्हणत त्यांनी कार्ड घेतलं.

केस गेले तेव्हाच आईनं बजावलं होतं, आता माझा एकही फोटो काढायचा नाही. मी ते पाळलं. उपचार संपल्यावर आम्ही दोघीच चार दिवस आंजर्ल्याला गेलो. वीस वर्षं ती फुलपाखरं टिपत आली होती, पण आता हात थरथरायचा, म्हणून कॅमेरा माझ्याकडे आला. ती शोधायची, मी टिपायची.

"कादंबरी, ते बघ, जास्वंदीवर. नीलवंत! अगं, सावली पाडू नकोस त्याच्यावर. पीएचडी कोणी दिली तुला?"

दाखवताना तिचं बोट चौकटीत यायचं. औषधांनी नख काळवंडलेलं, वर चाफेकळीसारखं वळलेलं बोट. दुपारी जेवणानंतर पडवीत बसून आम्ही बिघडलेले फोटो काढून टाकायचो.

"बोट आलंय," ती म्हणायची. मी पुसायची. असं सात वेळा.

फेब्रुवारीत ती गेली. शेवटच्या वर्षातलं तिचं काही उरलं असेल तर ते बोट, हे मला एप्रिलमध्ये, कर्वेनगरच्या घरी चारशे निर्दोष फुलपाखरं पाहताना कळलं.

काकांनी तासाभरानं मान वर केली. "ताई, यावर नंतर फोटो काढलेत का?"

"साड्यांचे. आईच्या." शैलामावशीनं मागवले होते, बहिणी-भाच्यांना घरबसल्या निवडता याव्यात म्हणून. फोनवर रंग खरे येत नाहीत, म्हणाली. मग मी कॅमेरा काढला. चौपन्न साड्या, पदर आणि काठ वेगवेगळे.

"मग त्यांनी जागा घेतली. एकच थोडा निघालाय." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. वर लाल जास्वंद होती, नीलवंताचा एक काळा पंख, त्यावर निळा पट्टा. "अर्धं फुलपाखरू आलंय. छान आलंय."

"फुलपाखरू नकोय मला. खाली बोट आहे."

"कुणाचं?"

ते विचारायचं नसतं, असं त्यांच्याच पाटीवर लिहिलं होतं. मी सांगितलं.

मग त्यांनी फोटो हळूहळू खाली सरकवला. पंख जिथं संपत होता, तिथून राखाडी पट्टे सुरू झाले, आणि त्यांच्याखाली, बोट असायला हवं होतं तिथं, हिरव्या इरकलीचा काठ होता. ती साडी मावशीच्या सुनेनं नेली.

"पुन्हा एकदा चालवता?"

"दोनदा चालवलंय, ताई."

मी स्टुलावरून उठले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कार्ड काढलं, शर्टाच्या टोकानं पुसलं आणि पुन्हा आत घातलं.

"बसा," ते म्हणाले.

स्क्रीनवर साड्या एकेक करून येऊ लागल्या.