मनकर्णाची पेटी

"पोटदुखी," सरपंच नानाजी म्हणाले आणि डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून घेतले.

वर्ध्याहून आलेल्या सुलोचनाबाई पारावर बसून गेल्या पाच वर्षांतली मरणे आणि त्यांची कारणे विचारत होत्या. साल एकोणऐंशी. आंजीपलीकडचे आमचे गाव खरे कारण लपवण्यात मुरलेले. पोटदुखीने आमच्याकडे हत्तीसुद्धा मेला असता. एका उन्हाळ्यात तर आम्ही इतक्या जणांना साप चावल्याचे सांगितले, की खरे साप लाजून केळझरच्या जंगलात निघून गेले. त्यातले तीन साप मी स्वतः पुरवले होते.

"कायची पोटदुखी?" मागून मनकर्णा उठली. वांगी-मेथी विकणारी, कधी आवाज न चढवलेली बाई. "नलू माही पोरगी. फवारनीचं औषध पेली ते. हा तिचा नवरा, हा खुशाल, रोज मारे तिले. लिवा."

खुशाल समोरच बसला होता. "मामी, इथं हे काऊन काढून राह्यली?"

"मंग कुठं काढू? ठान्यात पोटदुखी, मसनात पोटदुखी!"

बाईंनी आधीचे खोडले. मग गावालाच विचारले, हे थांबवायचे कसे? तुम्ही सांगा, वर्ष-दोन वर्षं करून पाहू, फरक पडतो का ते नोंदवू. मनकर्णाच बोलली, "त्या घडीले औषधाचा डबा हाती लागू नोका देऊ. बस."

ठरले. सगळ्या गावाचे औषध एका लोखंडी पेटीत, पेटी मनकर्णाच्या छपरीत. फवारणीच्या सकाळी न्यायचे, उरलेले संध्याकाळी परत. किल्ली कोणी द्यायच्या आतच तिने कमरेला खोचली. मी तेव्हाच ओळखले, ही बाई खुशालसाठी टपून बसली आहे.

खुशाल डबा न्यायला आला की ती चार माणसांत विचारी, "जावईबापू, घरी सारे जित्ते हायेत ना?"

"हो."

"जोरानं बोला. बाईच्या कागदावर लिवा लागते."

लोक हसत. दोन हंगाम हेच. खुशालने नलूमागे केलेली दुसरी बायको माहेरी गेली ती आलीच नाही. पंगतीत त्याच्या शेजारचा पाट रिकामा राहू लागला.

मग एका सकाळी तो आला. पाठीवर पंप नव्हता. कपाशी तर वेचणीला आलेली. फवारायला शेतात काही उरलेच नव्हते.

"मामी, डबा दे."

मी ओट्यावर होतो. मनकर्णाने किल्ली काढली, कुलपापर्यंत नेली. मला वाटले, देते ही. खोटे कशाला सांगू, द्यावा असे मलाही वाटले.

तिने किल्ली परत खोचली.

"सुटून जातं काय रे? नाई जमत. तुले जगा लागन. बस इथं." मग माझ्याकडे वळली. "नत्थूजी, सायकल काढा. डॉक्टरीनबाईले घेऊनच येजा."

निघताना मी वळून पाहिले. तिने त्याच्यापुढे भाकर आणि वांग्याची भाजी वाढली होती. तो रडत रडत घास गिळत होता. ती समोर उकिडवी बसली होती आणि घास अडकला की पाण्याचा गडवा रागारागाने त्याच्याकडे ढकलत होती.