तोटीचा पीळ

फंग म्हाताऱ्याच्या फळीवर एक किटली कच्चीच पडून होती. कच्ची म्हणजे वाळून खडखडीत, पण भट्टी न बघितलेली. पाण्यात पडली तर चिखल होईल, बोट जरा जोरात लागलं तर कान तुटेल. फंग मऊ कुंचल्याने तिच्यावरची धूळ झटकायचा आणि परत तिथंच ठेवायचा.

चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या जिंगडेझेनच्या त्या गल्लीत नवराबायकोची कामं वाटलेलीच. फंग चाकावर बसायचा, बायको जूयिंग तोट्या आणि कान लावायची. आता पांढऱ्या मातीची खोड अशी, की चाकावर जेवढी पिळाल तेवढा पीळ ती अंगात धरून बसते. वाळली तरी सोडत नाही. भट्टीत लालबुंद होऊन मऊ पडली की मग आकसता आकसता हळूच उलगडते. म्हणून तोटी सरळ लावली तर भाजून वाकडी निघते. लावायची तिरकी, आग तिला सरळ करते. किती तिरकी, ते चाकावरच्या हाताच्या जोरावर. नवऱ्याचा हात जूयिंगला पाठ होता.

ही किटली करताना फंगची नजर सहज तिच्या कामावर गेली. तोटी जवळजवळ सरळच. तो भडकला.

"डोळे गेले का तुझे? नवशिकी पोरगीसुद्धा अशी तोटी लावायची नाही."

जूयिंगने मान वर केली नाही. सांधा पुसत म्हणाली, "मला काय विचारता? भट्टीला विचारा."

फंगने भट्टीला विचारलंच नाही. असला माल मी भट्टीवाल्याकडे द्यायचा नाही म्हणाला आणि हट्टाने किटली फळीवर नेऊन ठेवली. दिवसभर अबोला. मग शेजारीशेजारी बसून तिखट शेवया खाल्ल्या, पण किटलीचं नाव कुणी काढलं नाही. त्या थंडीत जूयिंगची छाती भरली आणि ती गेली. तेव्हापासून फंग नुसते वाडगे करायचा. वाडग्याला तोटी नसते.

एक दिवस भट्टीवाला हू दारात आला. भट्टी बंद करून तो मुलाकडे राहायला चालला होता. शेवटची भट्टी लावतोय, म्हणाला, काय जपून ठेवलंय ते आण. दुसऱ्या कुणाच्या हातात तू ते देणार नाहीस.

फंगला जेवण गेलं नाही. तोटी वाकडी निघाली तर आपण खरे. एवढ्या रिकाम्या घरात एकट्याने खरं ठरून करायचं काय? आणि सरळ निघाली, तर ते ऐकायला ती कुठे आहे?

तरी त्याने किटलीला आतून झिलई दिली. ती सुकल्यावर बाहेरून नळीने फुंकून मारली आणि ओलीने किटली खाली बसते की काय म्हणून श्वास धरून बघत राहिला. बसली नाही. मग फळी खांद्यावर घेऊन निघाला. पूर्वी जूयिंग पुढे चालायची, कच्चा माल आहे, बाजूला व्हा, म्हणून ओरडत. आज त्यालाच ओरडावं लागलं. सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, आवाज फुटेना.

भट्टी निवल्यावर हूने मातीच्या डब्यातून किटली काढून त्याच्या हातात दिली. अजून कोमट होती. आकसून लहान झालेली, उजेडात धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसावी इतकी गोरी. फंगने एक डोळा मिटून कानावरून तोटी बघितली. दोरी ताणल्यासारखी सरळ.

म्हणजे आगीला उलगडायला पीळच फारसा नव्हता. हाताचा जोर कधीच उतरला होता. इतकी वर्षं आपल्या किटल्या सरळ निघतात म्हणून तो चारचौघांत मिरवायचा. आणि ती बाई दर खेपेला तोटी केसभर कमी तिरकी लावत आली होती.

"काय रे, वाकडी आली?" हूने विचारलं.

"नाही. सरळ आली."

"मग तोंड का असं?"

"हात गेला होता माझा," फंग म्हणाला. "तिनं कळू दिलं नाही."

हूने खिशातली सिगारेट काढून पुढे केली. फंगने घेतली नाही. दोन्ही हातांत किटली होती.

घराकडे जाताना तो गल्लीभर ओरडत होता, कच्चा माल आहे, बाजूला व्हा. एक स्कूटरवाला थांबला. "काका, भाजलेली आहे की. आता कसली भीती?"

फंगने त्याच्याकडे बघितलंही नाही. तसाच ओरडत पुढे गेला.